'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा! नववीला अलंकार शिकवायचे कसे?

पेठेतल्या_बाई
कोल्हापुरात नववी-दहावीला मराठी शिकवते. वर्ग गच्च, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीतच जातात.

पोरांनी अलंकारांचं पार गणित करून टाकलंय. 'सारखा', 'प्रमाणे', 'परी' दिसलं की उपमा. 'जणू', 'गमे', 'वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा. वाक्य वाचतच नाहीत, शब्द हुडकतात. परवा फळ्यावर लिहिलं, 'मला वाटे, आज पाऊस येणार.' निम्मा वर्ग ओरडला, "उत्प्रेक्षा!" साधं वाक्य होतं हो.

रसग्रहणाचं तर विचारूच नका. कविता कुठलीही असो, गाइडातलं ठरलेलं 'समर्पक शब्दांत मनोहारी चित्र' येणारच. एकानं दुष्काळावरच्या कवितेलाही तेच चिकटवलं.

आणि हीच पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांची खेचतात तेव्हा काय एकेक उपमा देतात! ते वर्गात कसं आणायचं? लक्षणं पाठ करून घ्या, असं कृपया सांगू नका. ती त्यांना झोपेतही येतात.

इचलकरंजीचा_सर
बाई, शाळेच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड, लागलं असेलच. मी तिथनंच सुरुवात करतो. फळ्यावर लिहायचं, 'दादा वाघासारखे आहेत.' उपमा झाली. मग पोरांना सांगायचं, दादा खूश नाहीत, जरा चढवा. 'दादा म्हणजे जणू वाघच', उत्प्रेक्षा. अजून कमी पडतंय. 'दादा वाघच आहेत', रूपक. अजून! 'हे दादा नव्हेत, हा तर वाघ', अपन्हुती. 'वाघानं दादांकडं डरकाळीची शिकवणी लावावी', व्यतिरेक. 'दादांसारखे दादाच', अनन्वय. शेवटी मागच्या बाकावरनं येतंच, 'दादा शिंकले आणि पन्हाळ्याचा बुरूज ढासळला.' अतिशयोक्ती.

अलंकाराचं नाव पोरांनी वाक्य केल्यावरच सांगायचं, आधी नाही. मग विचारायचं, 'वाघासारखे'मध्ये दादा माणूस उरतात का? उरतात. अपन्हुतीत? तिथं गेले. हा फरक एकदा दिसला की 'जणू' हुडकायची सवय आपोआप सुटते.

फक्त खऱ्या बोर्डावरचं खरं नाव घेऊ नका. संध्याकाळी दादा शाळेत हजर होतात.

नदीकाठची
सरांचा खेळ मीपण खेळते, वर्ग हसतो. पण तेवढ्यानं कविता कळते असं मला वाटत नाही. डिजिटलवर अलंकार म्हणजे नुसता चढवलेला भाव. कवितेत तो साध्या वाक्यात न मावणारं काहीतरी सांगायला येतो.

माझ्या वर्गात पूर येणाऱ्या गल्ल्यांतली पोरं आहेत. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. त्यांना दोन वाक्यं लिहायला सांगितली. एक गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं, दुसरं पूर कधीच न बघितलेल्या मावशीला. पहिलं सगळ्यांचं जवळजवळ एकच: 'पाणी 41 फुटांवर, गाड्या काढा.' दुसऱ्यात एकानं लिहिलं, 'नदी आमच्या पायरीवर येऊन बसली.' मी मुद्दाम म्हटलं, 'पाणी पायरीपर्यंत आलं' यात काय बिघडलं? तर म्हणाला, "मॅडम, पाणी येतंय-जातंय. ही बसलीच होती. उठंना."

त्यानंतर चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागवणं, हे नाव सांगायला अर्धं मिनिट पुरलं. आता कवितेतली कुठलीही ओळ आधी ग्रुपवरच्या भाषेत लिहायला लावते आणि विचारते, काय सांडलं? जे सांडलं तेच वहीत उतरवायचं. गाइड लागत नाही.

पेन्शनर_मास्तर
विचारलं नाहीत, तरी वृत्ताचंही सांगतो. 'यमाताराजभानसलगं' हे गणांचं सूत्र घोकून थेट गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाडायला बसवलं की पोरं पेंगतात. आधी मनाचे श्लोक चालीत म्हणून घ्या आणि बाकावर हलगीचा ठेका धरू द्या. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा': लगागा लगागा लगागा लगागा. ल म्हणजे लघु अक्षर, गा म्हणजे गुरू. बारा अक्षरं, चार वेळा लगागा म्हणजे य गण, झालं भुजंगप्रयात वृत्त. ठेका हातात बसला की मग अडवायचं: 'सर्वां'मधला 'स' ऱ्हस्व, मग तो गुरू कसा? पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो म्हणून. ठेका चुकला की पोरंच एकमेकांना थांबवतात. शेजारच्या वर्गाच्या सरांना मात्र आधी कल्पना द्या, नाहीतर मुख्याध्यापकांकडं जातील.

पेठेतल्या_बाई
सगळ्यांचे आभार. दादांचा खेळ आज नववी 'ब'मध्ये खेळले. एकीनं लिहिलंय, 'वाघ आरशात बघून म्हणाला, मी अगदी दादांसारखा दिसतो.' इथं तर उपमाच उलटी झाली. हे कशात बसवू?

पेन्शनर_मास्तर
प्रतीप. ज्याची उपमा द्यायची त्या उपमानालाच (वाघाला) उपमेय, म्हणजे ज्याला उपमा द्यायची ते, केलंय तिनं. नववीला कुणी विचारणार नाही, पण पोरीला पैकीच्या पैकी द्या.