मुलांच्या जिस्टसाठी बेथेस्डाला जाण्याविषयी
जिस्ट (पचनमार्गातील एक प्रकारची गाठ) झालेल्या मुलांना अमेरिकेत बेथेस्डा येथील एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या खास क्लिनिकमध्ये न्यावे का, या चर्चेत ‘इमॅटिनिब हे जिस्टवरचे औषध इथेही मिळते, मग बेथेस्डाला कशाला जायचे’ असा मुद्दा आला. तो प्रौढांच्या जिस्टबाबत पटतो, मुलांच्या नाही. मुलांच्या जठरातील या गाठींमध्ये केआयटी जनुकातील बदल (ज्याच्या परिणामावर इमॅटिनिब काम करते) बहुधा नसतो. त्याऐवजी पेशींच्या ऊर्जानिर्मितीतील एसडीएच हे विकर (एन्झाइम) निकामी झालेले असते, आणि म्हणून ते औषध सहसा फारसे उपयोगी पडत नाही. एखाद्या डॉक्टरला असे मूल क्वचितच दिसते, म्हणूनच अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांना एकत्र तपासावे या हेतूने एनआयएचने २००८ मध्ये हे क्लिनिक सुरू केले.

चर्चेत न आलेली आणि मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, एसडीएचचा दोष अनेकदा आनुवंशिक असतो. तसा तो आढळला, तर आईवडील आणि भावंडांचीही जनुकीय तपासणी आवर्जून करून घ्यावी, कारण त्यांना पॅरागँग्लिओमाचा (चेतापेशींशी संबंधित एका प्रकारच्या गाठीचा) धोका असू शकतो.