रेशनच्या तांदळात पाण्यावर तरंगणारे दाणे कसले?

सत्तरीची सून: आमच्या गोव्यात, वाळपईकडे रेशनचे तांदूळ धुताना काही दाणे वर येतात. रंगाने किंचित पिवळट, फार गुळगुळीत. सासूबाई म्हणतात प्लॅस्टिक, आणि एकेक वेचून टाकतात. मुलगी आठवीत आहे, हिमोग्लोबिन कमी आलंय. तिला हा भात द्यावा का? व्हॉट्सॲपवर नुसता धुरळा.

अंगणवाडी ताई, डिचोली: वहिनी, सासूबाई नेमकं कामाचंच फेकतायत! ते तांदळाच्या पिठाचेच दाणे. पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढतात आणि शंभराला एक या प्रमाणात तांदळात घालतात. काही हलके असतात, ते तरंगतात. माझ्याकडच्या आयांनाही हीच शंका. मी चार दाणे शिजवून त्यांच्यासमोर बोटाने चिरडते, मग कुणी बोलत नाही. फार चोळून धुऊ नका, भाताचं पाणी ओतू नका. सरळ पेज करा, सगळं पोटात जातं. घरात थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

फोंड्याचा मास्तर: तांदळाचं एवढं कौतुक नको. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) लोहयुक्त तांदळाने रक्तक्षयात फारसा फरक दिसला नव्हता. १९६२ मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, मिठातलं आयोडीन घरोघर गेलं, ते जमलं. लोहाचं तसं नाही. वर चहा घेतलात की निम्मं शरीरात शिरतच नाही.

अंगणवाडी ताई, डिचोली: मास्तर, मान्य. नुसत्या तांदळावर मीही कुणाला सोडत नाही. मुलीला शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल, ती घेते का ते आधी बघा. पोट दुखतं, शौचाला काळं होतं म्हणून मुली ती गुपचूप टाकून देतात. जेवल्यावर घेतली तर त्रास कमी. शिवाय जंताची गोळी चुकवू नका. आणि तिसऱ्या (शिंपल्या) खाऊ घाला, लोह आणि बी-१२ दोन्ही त्यात भरपूर.

सत्तरीची सून: गोळी दप्तरात सापडली, चार-पाच एकदम! पण ताई, श्रावणात तिसऱ्या कुठल्या?

अंगणवाडी ताई, डिचोली: मग तांबडी भाजी (लाल माठ), वर लिंबू पिळून. चहा तासाभराने. साठलेल्या गोळ्या एकदम देऊ नका हां, आठवड्याला एकच.