मदत हवी आहे: रिपोर्ताज, व्यक्तिचित्र, ललित लेख – तिन्ही सारखेच होताहेत

निंबोणी:
एस.वाय.बी.ए., मराठी विशेष. प्रकल्पात 'आठवडे बाजार' या एकाच विषयावर रिपोर्ताज (प्रत्यक्ष पाहून लिहिलेला वृत्तांत), व्यक्तिचित्र आणि ललित लेख लिहायचाय, प्रत्येकी 800 शब्द. खर्ड्यावर शेरा आलाय: 'तिन्ही निबंधच झालेत.' तिन्हींची सुरुवात गर्दीच्या वर्णनाने आणि शेवट 'बाजार टिकले पाहिजेत' असा. व्याख्या पाठ आहेत, पण लिहिताना फरक नेमका कुठे करायचा? शिवाय तोंडीला गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' प्रवासवर्णन की आत्मकथन, हे विचारतात म्हणे.

शाईपेन:
तिन्ही एकाच टिपणवहीतून लिहिलेत, म्हणून हे झालं. टिपणंच वेगळी हवीत.

रिपोर्ताजसाठी बाजार भरायच्या आधी पोचा आणि उठेपर्यंत थांबा. दर तासाला वेळ टाकून नोंद करा: माल कुठला, कोणत्या गाडीतून आला, भाव काय. विकणारा, घेणारा आणि पावती फाडणारा, निदान या तिघांशी बोला. सकाळी 20 रुपयांची मेथीची जुडी उठता बाजारात 10 ला मिळत असेल, तर ती नोंद कामाची. 'तोबा गर्दी होती' याने काहीच कळत नाही. अवतरणचिन्हात फक्त तिथल्या तिथे उतरवून घेतलेलं वाक्य टाका. घरी येऊन आठवलेलं बोलणं आपल्याच भाषेत उतरतं आणि मग भाजीवाली, गिऱ्हाईक, हमाल सगळे एका सुरात बोलू लागतात.

व्यक्तिचित्राला माणूस एकच. त्याला दोनदा भेटा, त्यातली एक भेट बाजार नसलेल्या दिवशी. पहिल्या खेपेला लोक मुलाखत दिल्यासारखं बोलतात. तीन-चार प्रसंग पुरेत, पण त्यातला एक बाकीच्यांना छेद देणारा हवा: पैशापैशाला घासाघीस करणारी बाई एखाद्याला उधार का देते? 'कष्टाळू', 'प्रेमळ' ही विशेषणं खोडून वाचा. माणूस दिसेनासा झाला तर प्रसंग कमी पडलेत. जन्म-शिक्षण-लग्न अशा क्रमाने गेलात की छोटं चरित्र होतं. खरं नाव वापरायचं तर विचारून.

तळटीप:
ललित लेखात 'मी' असतो, पण तो विचार करणारा मी. बाजारातली एकच वस्तू धरा, समजा तराजू, आणि मन तिच्यावरून कुठे कुठे जातं ते लिहा. माहिती दोन-तीन ओळींपुरती.

ना. सी. फडके, अनंत काणेकर यांच्या लघुनिबंधाचा साचा मात्र टाळा: क्षुल्लक गोष्ट, गप्पांचा सूर, शेवटी खुसखुशीत तात्पर्य. पुढे तो प्रकार साचेबंद झाला तो यामुळेच. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (1956) बघा. महिन्यागणिक लेख, झाडापानांची निरीक्षणं अचूक, आणि तरी ते शास्त्रीय टिपण वाटत नाही.

पानगळ:
तळटीप, माहिती दोन-तीन ओळींपुरती हे पटलं नाही. 'ऋतुचक्र'मध्ये ती ठासून आहे. लेखिकेच्या नजरेतून येते, म्हणून टोचत नाही, एवढंच.

तोंडीसाठी: कोणताही एकच शिक्का मारू नका, तीन काळ वेगळे सांगा. गोडसे भटजी 1857 मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने वरसईहून निघाले, लिहिलं 1883 च्या सुमारास, छापलं गेलं 1907 मध्ये, चिं. वि. वैद्यांच्या संपादनाने. म्हणजे रचना प्रवासाची, पण मजकूर पाव शतकानंतर आठवलेला, त्यावर संपादकाचा हात. प्रवासवर्णन म्हणालात तर 'मग झाशीच्या वेढ्याची हकिगत कशात बसवाल?' असा पुढचा प्रश्न येतो. उत्तर: प्रत्यक्षदर्शीची आठवण, प्रवासाच्या चौकटीत.

निंबोणी:
आभार! आधी कुठला लिहू?

शाईपेन:
रिपोर्ताज. आकडे, नावं तिथेच तपासून होतात. ललित शेवटी. मग तिन्ही शेजारी ठेवून वाचा. एकच वाक्य दोन लेखांत सापडलं तर एकातून काढा. आणि 'बाजार टिकले पाहिजेत' तिन्हींतून काढा.