नवी चाकं बसवल्यावर गाडी आवाज करू लागली? काय निघालं ते सांगा

नवे अलॉय बसवले, गाडी छान दिसू लागली आणि पहिल्याच फेरीत टिकटिक, घूं नाहीतर कर्र सुरू झालं, असं पुष्कळांचं होतं. मेकॅनिकला नुसतं ‘आवाज येतोय’ सांगून भागत नाही. तो वेगाबरोबर बदलतो का, वळताना वाढतो का, ब्रेक दाबला की थांबतो का, यावरूनच दोष सापडतो. म्हणून तुमच्या गाडीत काय निघालं, आणि ते कसं सापडलं, तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. पुढच्या डाव्या चाकातून टिकटिक, वेग वाढला की ती जलद. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केलं. इंजिन शांत झालं, टिकटिक तशीच. म्हणजे इंजिनाचा संबंध नव्हता. मग हिशेब केला. २०५/५५ आर १६ टायरचा घेर जवळपास २ मीटर. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे चाकाचे ५ फेरे. शेजारी बसलेल्या मित्राने टिकटिक मोजली, तीही सेकंदाला पाचच. एका फेऱ्याला एकदा काहीतरी लागत होतं. चाक उतरवल्यावर कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावर, ताजा चकचकीत ओरखडा दिसला. बॅलन्सिंगसाठी रिमच्या आत चिकटवलेलं वजन तिथे घासत होतं. वजनाची जागा बदलून पुन्हा बॅलन्सिंग केलं, आवाज गेला.

*

माझ्या गाडीचं प्रकरण धोक्याचं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. गाडी सुरू करून निघताना एक ‘कट्’, ब्रेक मारताना पुन्हा ‘कट्’. बाकी वेळ शांत. थोड्या अंतराने तो आवाज जड झाला आणि स्टीयरिंगला हादरा जाणवू लागला. लगेच बाजूला थांबवली, पाना लावला, तर काही नट जोर न लावताच फिरले. नव्या रिमवर जुन्या रिमचे नट वापरले होते. जुन्या नटांची बैठक गोलसर, नव्या रिमला ६० अंशांची शंकूसारखी बैठक हवी. असा नट रिमला जेमतेम एका कडेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो आणि चालता चालता सैल होतो. तिथून गाडी पुढे चालवली नाही, उचलून नेली. योग्य नट घेतले, हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने काढला, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून घेतले आणि शेवटी पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) लावला. मशीनने घर्र करून आवळलं की काम झालं, हे मला मुळीच मान्य नाही. ८०-१०० किमी गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासून घ्याच. ‘कट्’ ऐकू आलं तर घरी जाऊन बघू म्हणू नका, तिथेच गाडी थांबवा.

*

कर्र फक्त स्टीयरिंग पूर्ण वळवल्यावर. जुन्या रिमवर ईटी ४५ लिहिलेलं, नव्यावर ईटी ३५ (ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, मिमीमध्ये). रुंदी तीच, म्हणजे चाक १० मिमी बाहेर आलं. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर घासल्याचा चकचकीत पट्टाच उमटला होता. रिम बदलून घेतले.

*

आमच्याकडे घूं होती, ताशी ६० च्या पुढे. सगळे म्हणाले, बेअरिंग गेलं. पण गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली तरी आवाज बदलेना, आणि नव्या गुळगुळीत डांबरावर तो जवळजवळ नाहीसा व्हायचा. रस्त्याबरोबर बदलतो तो आवाज बहुतेक टायरचा. नव्या टायरची नक्षी मोठ्या ठोकळ्यांची होती, एवढंच.

*

वरच्यांच्या अगदी उलट माझं झालं. डावीकडे वळताना घूं वाढायची, उजवीकडे कमी व्हायची. डावीकडे वळलं की भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून उजवं बेअरिंग तपासलं आणि तेच निघालं. नव्या चाकांचा त्यात काही दोष नव्हता. जुन्या झिजलेल्या टायरच्या गोंगाटात बेअरिंग केव्हापासून ओरडत असावं. टायर शांत झाले तेव्हा ते ऐकू आलं. म्हणून आवाज नवा वाटला तरी बिघाड नवाच असेल असं धरून चालू नका.

*

पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी सतत खरखर. डिस्कमागचा पातळ पत्रा चाक बदलताना वाकला होता. बोटाने मागे सारला, बस.

*

आवाजापेक्षा थरथर जास्त असेल तर रिमचं मधलं भोक मोजा. माझ्या रिमचं ७३.१ मिमी, हब ५६.१ मिमी. मधली फट भरणारी रिंग बसवलीच नव्हती, त्यामुळे चाक नेमकं मध्यावर येत नव्हतं. बॅलन्सिंग पुन्हा करूनही ताशी ९० ला स्टीयरिंग थरथरायचं. रिंग घातली आणि थांबलं.

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या कोणाला असा त्रास झाला आहे का? माझ्या मागच्या डाव्या चाकातून अजून बारीक चिर्र येते, हँडब्रेक एक दात ओढला की थांबते.