होळी ते रथ: नाशिककरांनो, तुमचा अनुभव लिहा

नाशकात धुळवडीला रंग नसतो, तो रंगपंचमीला, हे बाहेरून आलेल्याला पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही. बिचारा पांढरा सदरा घालून खाली उतरतो आणि शेजारी ऑफिसला निघालेले दिसतात. (नव्या सोसायट्यांत आता धुळवडही होते, पण गावात नाही.) धुळवडीला वीरांची मिरवणूक, पंचमीला रहाड (रंगाचा हौद), पाडव्याला ढोल-रांगोळ्या, पुढे रामनवमी आणि कामदा एकादशीला रथ. तुम्ही यात कुठे असता, बघ्यांत की आत? फोटो पुष्कळ झाले, हकिकती लिहा.

तिवंध्याजवळून
ज्या चौकातून वर्षभर रिक्षा जातात त्याच्याखाली रहाड आहे, हे पाहुण्यांना पटत नाही. दगडी हौद, पेशवाईतला म्हणतात. वर लाकडी ओंडके, त्यावर माती. पंचमीच्या आधी माती उकरायची, ओंडके काढायचे, हौद धुऊन भरायचा. पळसाची फुलं कढईत उकळली की गल्लीभर वास. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: आमचा पिवळा, दिल्ली दरवाजाचा केशरी, शनी चौकाचा गुलाबी. माणूस कुठून भिजून आलाय ते संध्याकाळी अंगावरूनच कळतं. पूजेआधी कुणी उतरत नाही. मग धप्पा! उडी अशी पडली पाहिजे की काठावरचे सगळे न्हाले पाहिजेत. त्यात जाड्या माणसांना आमच्याकडे फार मान.

माहेर जुनं नाशिक
आम्ही मुली हे सगळं माडीवरून बघायचो. आता बायकाही उतरतात. माझी भाची उतरली तेव्हा आई आधी चिडली, मग तिनंच टॉवेल काढून ठेवला.

वीर असलेल्या घरातून
रहाडीचं कौतुक सगळे करतात, वीरांचं कमी. घराण्यात जो लढताना गेला त्याचा टाक (धातूची प्रतिमा) देवघरात असतो. धुळवडीला तो लाल कापडात बांधून घरच्या कुणीतरी हातात घ्यायचा आणि हलगीवर नाचवत गंगेवर न्यायचा. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) बरोबर कृष्ण, शिवाजी झालेली पोरं. माझ्या मुलानं यंदा पहिल्यांदा टाक धरला. नाचायला लाजत होता, पण हलगीवाला समोर येऊन उभा राहिल्यावर काय करणार! बाशिंग बांधलेल्या मानाच्या दाजीबा वीराची वाट मात्र अख्खं गाव बघतं.

पंचवटीकर
रथाबद्दल थोडं. काळाराम मंदिराचे दोन रथ निघतात: रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ पलीकडे जाऊन येतो. मानकरी बुवा रामाकडे तोंड करून सगळी वाट उलटे चालतात. ते बघावं म्हणून आलो तर पुढे नुसते मोबाइल धरलेले हात.

आणखी एक पंचवटीकर
माझे आजोबा रथाला कधीच गेले नाहीत. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. इथली बाजू दादासाहेब गायकवाड सांभाळत होते. त्याच वर्षी रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दलितांसाठी दार उघडावं म्हणून लढा पुढेही काही वर्षं चालला. आजोबांचा राग मला समजतो, पण मी जातो. दोर धरतो आणि शेजारी दोर धरलेल्याला हे सांगतोही. बहुतेकांना माहीत नसतं. एकानं विचारलं, "मग आलात कशाला?" म्हटलं, ओढायला.

ढोल पथकातली
पाडव्याच्या आधी गोदाकाठावर सराव असतो. ढोल कमरेला बांधला की पहिला आठवडा पाठ बोलते. रांगोळीवाल्या मैत्रिणी म्हणतात, आमचे गुडघे बोलतात. वाजवणारे-काढणारे सगळे नोकरी सांभाळून येतात, म्हणून भाड्याचा डीजे लावून याला "सांस्कृतिक" म्हणणाऱ्यांचा राग येतो.

पुण्याहून
पंचमीला आलो तर चालेल का? कुणी ओळखीचं नाही.

तिवंध्याजवळून
या की! ओळख लागत नाही. जुने कपडे घाला, चष्मा-मोबाइल कुणाकडे तरी ठेवा, गाडी गावात आणू नका. परतीच्या एसटीत सीटवर टाकायला पंचा आणा, नाहीतर कंडक्टर चढू देणार नाही.