मदत हवी आहे : मार्चअखेरीस ब्यासकुंड, हिमस्खलनाचा अंदाज कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मनालीजवळचा सोलंग–धुंदी–बकरथाच–ब्यासकुंड ट्रेक करायचा बेत आहे. आम्ही पाच जण ठाण्याचे, सगळे सह्याद्रीत रुळलेले. दोघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, पण तो मे महिन्यातला. आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे) हाताळता येतात. ताज्या बर्फाचं गणित मात्र कुणालाच येत नाही.

अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडापाशी, म्हणजे धुंदीला, गाडी सोडायची आणि पुढे नदीच्या काठाकाठानं चालायचं. डोक्यावर हनुमान टिब्बा, फ्रेंडशिप वगैरे शिखरांचे उतार. नकाशावर वाट बरीचशी सपाट दिसते आणि वादाला सुरुवात तिथूनच झाली. एक मित्र म्हणतो, "आपण उतारावर चढतच नाही, मग ॲव्हलांच आपल्यावर कशाला येईल?" गाईड फोनवर म्हणाला, बर्फ पडून गेल्यावर दोन दिवस ऊन मिळालं की झालं. मला दोन्ही पटत नाहीये, पण का ते धड सांगता येईना.

डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचं हिमस्खलनाच्या अंदाजाचं बुलेटिन बघायला लागले आहे. त्यात जिल्हा, उंची आणि धोक्याची पातळी असते. कुल्लू जिल्ह्याला पातळी ३ असेल तर आमच्या दरीसाठी काय समजायचं? आणि बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायचं सिग्नल-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं पाचही जणांकडे हवंच का? दोघांत एक संच चालेल असं ग्रुपमध्ये घाटतंय.

"मग जाताच कशाला" हे सासूबाईंनी सांगून झालंय, ते सोडून बोला :)

---

प्रतिसाद :

ताई, मित्राचं आधी. स्खलन सुटतं वर, येऊन थांबतं खाली. बहुतेक स्लॅब (एकसंध सुटणारे बर्फाचे थर) ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि सपाटीवर लांबवर पसरतात. दरीच्या तळातून जाताना तुमच्या पायाखालचा उतार बघून उपयोग नाही, डोक्यावरचा बघा. कडेला बर्फाच्या ढेकळांचा पंखा पसरलेला असेल, झाडं एकाच दिशेला झोपलेली असतील, तर ती स्खलनाची नेहमीची वाट. तिथे एकेकानं, अंतर ठेवून, न रेंगाळता पार व्हायचं. फोटो, चिक्की सगळं पलीकडे गेल्यावर. तंबू तर तिथे नाहीच.

गाईडचं अर्धं खरं आहे. नवा बर्फ बसायला वेळ लागतो हे बरोबर. पण आभाळ निवळलं तरी वारा थांबत नाही. तो डोंगरदांड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. शिवाय खाली जानेवारीतला साखरेसारखा सुटा थर असेल तर तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, विशेषतः सावलीच्या उतारांवर. वरचा घट्ट थर त्याच्यावरून अख्खा घसरतो. चालताना 'वुफ्' असा दबका आवाज येऊन बर्फ खचला किंवा पायापासून भेग धावत गेली, की उलट फिरा. तिथे चर्चा नको.

आणि मार्चअखेरीस ऊन हीच भानगड असते. दुपारी उन्हाकडच्या उतारांवरून बर्फाचे गोळे गडगडायला लागले की ओला बर्फ सुटायला आला. पहाटे अंधारात निघा, ऊन चढायच्या आत परत या. रात्रभर ढग राहिले आणि बर्फ गोठलाच नाही, तर पहाटे निघूनही काही फायदा नाही.

बुलेटिन अख्ख्या पट्ट्याचं असतं, तुमच्या नाळेचं (अरुंद घळीचं) नाही. धुंदीच ३,००० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे "३,००० मीटरच्या वर" असं लिहिलं की तुमची सगळी वाट त्यात आली. पाचपैकी ३ ही मधली पातळी ऐकायला बेताची वाटते, पण युरोपात सर्वाधिक बळी त्याच पातळीला जातात. तुमच्या ग्रुपला माझ्या मते ३ म्हणजे नाही.

संच प्रत्येकाकडे हवाच. ज्याच्याकडे बीकन नाही तो सापडणार नाही, आणि नेमका फावडंवालाच गाडला गेला तर? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच आशा असते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही.

---

प्रतिसाद :

वरच्याशी सहमत, पण नुसता बीकन विकत घेऊन भागत नाही. फोन त्याच्यापासून लांब ठेवायचा असतो, हेसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नसतं. निघण्याआधी ठाण्याच्या येऊरच्या जंगलात एक बीकन पिशवीत घालून लपवा आणि घड्याळ लावून शोधा. जमेना तर सरळ मेमध्ये जा.

---

धागाकर्ती :

खूप आभार. मित्राला हा धागा पाठवला, तो सध्या गप्प आहे. बकरथाचचा मुक्काम रद्द, धुंदीला राहून पहाटे जेवढं जमेल तेवढं पुढे जाऊन परत, असं गाईडशी बोलते. पाच बीकन मनालीत भाड्यानं मिळतात का, की इथूनच न्यावे लागतील? आणि जुने ॲनालॉग (नुसत्या आवाजावरून शोधायचे) बीकन मिळाले तर घ्यावेत का?