इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीसाठी महाविद्यालय निवडताना काय पाहावे?

प्रश्न : वैद्यकीय अधिकारी, राजापूर तालुका

नमस्कार. एमबीबीएसनंतरची बंधपत्रित सेवा मी येथील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात करीत आहे. पावसाळ्यात मण्यार आणि घोणस, उन्हाळ्यात विंचूदंश आणि बाराही महिने महामार्गावरचे अपघात हाताळताना पुढचे शिक्षण इमर्जन्सी मेडिसिनमध्येच, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या शाखेतच, घ्यावे, असे माझे मत होत चालले आहे. जुलैमध्ये मण्यार चावलेल्या एका मुलाला रत्नागिरीस नेताना अॅम्ब्युलन्समध्ये मला अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत बसावे लागले; श्वासनलिकेत नळी घालण्याचा हात माझा पक्का नव्हता. एमडी, डीएनबी आणि खासगी रुग्णालयांचे इतर अभ्यासक्रम यांत नेमका फरक कोणता, आणि पसंतीक्रम भरण्यापूर्वी विभागाबद्दल काय विचारून घ्यावे?

उत्तर १ : इमर्जन्सी फिजिशियन, रत्नागिरी

आधी मान्यतेचे पाहा. भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला 2009 मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली. तीन वर्षांची एमडी आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी या दोन्ही पदव्यांना नीट-पीजीमधून प्रवेश मिळतो आणि दोन्ही मान्यताप्राप्त आहेत. काही खासगी रुग्णालये एमईएमसारखे (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) स्वतःचे अभ्यासक्रम चालवतात किंवा ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिनच्या एमआरसीईएम परीक्षेची तयारी करून घेतात. तेथील प्रशिक्षण चांगले असू शकते, पण अशा अभ्यासक्रमावर येथे अध्यापकपद मिळत नाही. ज्यांना पुढे जिल्हा रुग्णालयात किंवा महाविद्यालयात काम करायचे आहे, त्यांनी शुल्क भरण्यापूर्वीच हे नीट समजून घ्यावे. क्रिटिकल केअरमध्ये (अतिदक्षता उपचार) डीएम ही त्यापुढची पदवी करण्याचा मार्ग एमडी आणि डीएनबी दोन्हींनंतर खुला राहतो.

उत्तर २ : तृतीय वर्ष निवासी डॉक्टर, मूळ गाव देवगड

डॉक्टर, तुमच्या प्रश्नातल्या अंबू बॅगेतच तुम्हाला हवे ते उत्तर आहे. ज्या विभागात जाल, तेथे रुग्णाला ट्यूब टाकतो कोण, एवढे आधी विचारा. पाटीवर इमर्जन्सी मेडिसिन लिहिलेले असले तरी अनेक ठिकाणी ती जुनी कॅज्युअल्टीच असते, म्हणजे निवासी डॉक्टरने केसपेपर लिहायचा, मेडिसिन, सर्जरी आणि भूलतज्ज्ञ यांना फोन करायचे आणि ते येईपर्यंत थांबायचे. मी पहिले सहा महिने अशाच एका रुग्णालयात पदव्युत्तर प्रवेशापूर्वी नोकरी केली, आणि तेवढ्या काळात एकाही रुग्णाच्या छातीत नळी घालण्याची संधी मला मिळाली नाही, हे मला अजून सलते.

म्हणून प्रवेशाच्या समुपदेशनापूर्वी शक्य असेल तर एक रात्र त्या विभागात जाऊन बसा. दारातून आलेल्या रुग्णाची तातडीनुसार वर्गवारी कोण करते, सोनोग्राफीचा प्रोब निवासी डॉक्टरच्या हातात असतो की रेडिओलॉजीची वाट पाहिली जाते, आणि रात्री दोन वाजता या विषयाचा अध्यापक प्रत्यक्ष हजर असतो की केवळ फोनवर, हे पाहिल्यावर माहितीपुस्तिका वाचण्याची फारशी गरज उरत नाही. भूलशास्त्र, अतिदक्षता विभाग आणि बालरोग येथील रोटेशन खरोखर होतात की मनुष्यबळ कमी पडते म्हणून रद्द होतात, हे द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकटे गाठून विचारा. विभागप्रमुखांसमोर कोणी मोकळेपणाने सांगणार नाही. ड्युटी पाळीची असते हे खरे, पण प्रबंधाचे काम पाळी संपल्यावरच करावे लागते.

उत्तर ३ : निवृत्त फिजिशियन, चिपळूण

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, एक मुद्दा मात्र राहिला. मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात हृदयविकार आणि पक्षाघात भरपूर पाहायला मिळतील, पण सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा आणि लेप्टोस्पायरोसिस हे सरकारी रुग्णालयात अधिक येतात. कोकणात परतायचे असेल, तर रुग्ण कोणते येतात हे नावाजलेपणाच्या आधी पाहावे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा त्यांच्याजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती. रुग्ण मात्र समोर होते. एमडीच्या काळात तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम करायला, जावे लागते, आणि बरेच जण ती सक्तीची सुट्टी समजून घालवतात. तुम्ही तसे करू नका.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. ज्या दोन महाविद्यालयांचा विचार चालू आहे, तेथे पुढच्या रजेत रात्रीच्या पाळीला जाऊन येते. परवानगी विभागप्रमुखांकडे मागावी की अधिष्ठात्यांकडे?

उत्तर २

विभागप्रमुखांना ईमेल करा, आणि तुमच्या केंद्रात वर्षभरात किती दंशाचे रुग्ण हाताळलेत ते त्यात लिहा.